टेबल रिकामे होते तेव्हा

समजा, जिल्हा रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहातल्या फळ्यावर सकाळी पाच केसेस लिहिल्या आहेत. दोन सिझर, एक हर्निया, एक गर्भपिशवी आणि शेवटी एक गळू. सिझरला पाऊण तास, हर्नियाला एक तास, गर्भपिशवीला दीड तास, गळूला वीस मिनिटे. भूल देण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंतचा वेळ धरला तरी बेरीज होते 260 मिनिटे, म्हणजे चार तास वीस मिनिटे. नऊला सुरुवात केली तर दीडच्या आत सगळे आटोपायला हवे. प्रत्यक्षात शेवटचा पेशंट बाहेर येतो तेव्हा दुपारचे चार वाजलेले असतात. मधली 160 मिनिटे गेली कुठे?

बाहेर बसलेल्या नातेवाइकांचे उत्तर ठरलेले असते: आत सगळे चहा पीत बसतात. रुग्णालयाच्या प्रशासनाचे उत्तरही फार वेगळे नसते, ते फक्त अहवालाच्या भाषेत असते. चहा प्यायला जातो हे खरेच आहे. पण या 160 मिनिटांत जे काही घडते त्यातला बराचसा भाग कोणाला दिसत नाही आणि जो दिसत नाही त्यावरच पुढच्या पेशंटचा जीव अवलंबून असतो. या मिनिटांचे दोन प्रकार आहेत. काही मिनिटे माणसांच्या सवयीने वाया जातात, ती वाचवता येतात. काही मिनिटे जंतूंची, वाफेची आणि औषधांची असतात, ती कोणाच्या हुकमाने कमी होत नाहीत. शस्त्रक्रियागृह चालवण्याचे अर्धे शहाणपण या दोन्हींतला फरक ओळखण्यात आहे.

पेशंट बाहेर, पेशंट आत

एक पेशंट दाराबाहेर गेल्यापासून दुसरा दारातून आत येईपर्यंतचा काळ जगभर मोजला जातो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील भूलतज्ज्ञ अ‍ॅलेक्स मॅकारियो यांनी 2006 मध्ये शस्त्रक्रियागृहांच्या कार्यक्षमतेसाठी एक गुणपत्रिका सुचवली. तिच्यात हा काळ सरासरी 25 मिनिटांपेक्षा कमी असेल तर पूर्ण गुण आणि 40 मिनिटांच्या वर गेला तर शून्य. म्हणजे भरपूर यंत्रसामग्री आणि मनुष्यबळ असलेल्या अमेरिकी रुग्णालयांतही वीस-पंचवीस मिनिटे ही चांगली कामगिरी समजली जाते. बुलढाणा, खामगाव किंवा शेगावच्या सरकारी रुग्णालयात अर्धा तास लागला म्हणून कपाळावर आठ्या घालण्याआधी हे ध्यानात ठेवावे.

खरे तर हे काम पेशंट टेबलावर असतानाच सुरू झालेले असते. पोट बंद करण्याआधी सिस्टर मॉप आणि गॉझ मोजते. ते पाच-पाच किंवा दहा-दहाच्या गठ्ठ्यांनी बांधलेले येतात, शस्त्रक्रियेआधी मोजून फळ्यावर आकडा लिहिलेला असतो. पोटाचा आतला थर शिवण्याआधी एकदा आणि कातडीचे टाके घालण्याआधी पुन्हा एकदा मोजणी होते. रक्ताने भिजलेला गॉझ आतड्यांच्या वळणात असा मिसळून जातो की डोळ्यांना तो वेगळा दिसत नाही, म्हणून मोठ्या मॉपला दोरी असते आणि गॉझच्या विणीत क्ष-किरणात दिसणारा धागा घातलेला असतो. आकडा जुळला तर ‘काउंट करेक्ट, सर’. नाही जुळला तर कचऱ्याची बादली, टेबलाखालची फरशी, चादरीच्या घड्या असा शोध सुरू होतो. या शोधात दहा मिनिटे गेली तर ती गेलीच पाहिजेत.

मग पेशंट हलवायचा. कमरेत सुई देऊन भूल दिलेली असेल तर पाय अजून बधिर असतात आणि रक्तदाब नाजूक असतो. भूल देणारा डॉक्टर शेवटचा रक्तदाब पाहतो, चौघेजण चादरीसकट पेशंट उचलून स्ट्रेचरवर घेतात. सिझर झालेल्या बाईचे गर्भाशय नीट आकुंचन पावते आहे का, रक्तस्राव वाढत नाही ना, हे पाहिल्याशिवाय तिला सोडत नाहीत. वॉर्डातल्या सिस्टरला तोंडी आणि कागदावर माहिती द्यावी लागते: किती रक्त गेले, कोणती सलाइन चालू आहे, पुढचे इंजेक्शन कधी.

पेशंट गेल्यावर खोलीत मावशी आणि मामा शिरतात. सरकारी दप्तरात त्यांना सफाईगार आणि कक्षसेवक म्हणतात. वार, रक्ताळलेला कापूस आणि गॉझ पिवळ्या पिशवीत. सलाइनच्या नळ्या आणि हातमोजे लाल पिशवीत. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, टोचणार नाही अशा डब्यात. काचेच्या बाटल्या निळ्या खोक्यात. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी हे चार रंग ठरवून दिले आहेत. एक सुई चुकून पिवळ्या पिशवीत गेली तर ती टोचते पिशवी उचलणाऱ्या मावशीलाच. त्यानंतर सक्शनची बाटली रिकामी करायची, टेबल, हात ठेवायच्या फळ्या, दिव्याची मूठ, भूलयंत्राची बटणे पुसायची. पुसणे वरून खाली आणि स्वच्छ भागाकडून घाण भागाकडे. रक्त सांडले असेल तर त्यावर आधी हायपोक्लोराइटचे द्रावण ओतून काही मिनिटे थांबायचे, मग पुसायचे. घाईत पुसणारा माणूस ही ‘थांबायची’ मिनिटे हमखास गाळतो, कारण फरशी दोन्ही प्रकारे सारखीच चकचकीत दिसते.

त्याच वेळी दुसऱ्या कोपऱ्यात भूलतज्ज्ञ पुढच्या पेशंटची औषधे सिरिंजमध्ये भरून त्यावर नावे चिकटवत असतो. स्क्रब सिस्टर नवा संच उघडते. ही कामे एकापाठोपाठ एक केली तर पाऊण तास लागेल. ती एकाच वेळी चार माणसांनी केली तर वीस मिनिटांत होतात. त्यासाठी कोणी काय करायचे हे आधी ठरलेले असावे लागते. अमेरिकेत फ्रँक गिलब्रेथ हा बांधकामातून आलेला हालचालतज्ज्ञ 1910 च्या दशकात शस्त्रक्रियागृहांत चित्रपटाचा कॅमेरा घेऊन गेला, तो हेच पाहायला: किती हालचाली कामाच्या आणि किती नुसत्या शोधाशोधीच्या.

वाफेला घाई चालत नाही

आता न कापता येणाऱ्या मिनिटांकडे वळू.

शस्त्रक्रियेत वापरलेली हत्यारे आधी धुऊन, सांध्यांत ब्रश फिरवून, वाळवून, तपासून, कापडात बांधून ऑटोक्लेव्हमध्ये जातात. लुई पाश्चर यांचे सहकारी चार्ल्स चेंबरलँड यांनी 1879 मध्ये हे यंत्र बनवले. तत्त्व घरच्या कुकरचेच: वाफ कोंडली की दाब वाढतो आणि दाब वाढला की पाणी 100 अंशांच्या वर तापते. 15 पौंड दाबाला तापमान 121 अंश होते. कापडात बांधलेल्या संचाला या तापमानात साधारण अर्धा तास ठेवावे लागते. तापायला लागणारा वेळ आणि शेवटी वाळायला लागणारा वेळ धरला तर एक फेरा तासाच्या वर जातो. ओले बांधलेले कापड बाहेर काढले तर ओलाव्यातून जंतू परत आत शिरतात, म्हणून वाळण्याची मिनिटेही वगळता येत नाहीत. 134 अंशांना तीन-चार मिनिटांत उघडी हत्यारे निर्जंतुक करण्याची सोय असते, पण ती एखादे हत्यार हातातून पडले तर वापरायची. रोजच्या लिस्टसाठी नव्हे.

यातून एक साधा निष्कर्ष निघतो. पहिल्या सिझरची हत्यारे दुसऱ्या सिझरला वेळेत मिळूच शकत नाहीत. ज्या रुग्णालयात सिझरचे दोन संच आहेत त्याला तिसऱ्या सिझरला थांबावे लागेल. ज्याच्याकडे सहा आहेत त्याला थांबावे लागणार नाही. कर्मचाऱ्यांनी कितीही धावपळ केली तरी संचांची संख्या हात वर करून उभी राहते. शस्त्रक्रियागृहाचा वेग पुष्कळदा खरेदी विभागाच्या टेबलावर ठरतो तो असा.

बुलढाण्यात या वाफेच्या गणितात दोन स्थानिक गोष्टी येतात. पहिली उंची. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेत, समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटरवर आहे. वर हवेचा दाब कमी असतो. दाबाचा काटा मोजतो तो बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त दाब आहे ते. त्यामुळे काटा 15 वर असूनही आतले तापमान 121 ला थोडे कमी पडते. दर हजार फुटांमागे सुमारे अर्धा पौंड दाब वाढवावा असा ठोकताळा आहे, म्हणजे बुलढाण्याला साधारण एक पौंड जास्त. खाली मलकापूरला ज्या आकड्यावर काम भागते तो आकडा घाट चढल्यावर पुरत नाही. म्हणून दाबाच्या काट्यावर भिस्त न ठेवता तापमापक आणि रंग बदलणारी निर्देशक पट्टी पाहायची असते.

दुसरी गोष्ट पाणी. शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर या तालुक्यांचा मोठा भाग पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतो. तिथले भूजल खारट. असे पाणी ऑटोक्लेव्हमध्ये घातले तर तापणाऱ्या कॉइलवर क्षारांचा थर बसतो, यंत्र तापायला जास्त वेळ घेते आणि हत्यारांवर डाग पडून गंज धरतो. शुद्ध केलेले पाणी वापरणे हाच उपाय. घाटावर पाणी गोडे असले तरी उन्हाळ्यात त्याचीच चणचण. बुलढाणा शहर पैनगंगेवरच्या येळगाव धरणाचे पाणी पिते आणि पाऊस दगा देतो त्या वर्षी नळ किती दिवसांनी येईल याची चर्चा घरोघरी असते. सर्जनला हात धुवायला वाहते पाणी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या मार्गदर्शक सूचनांनी शस्त्रक्रियेआधी हातांसाठी अल्कोहोलयुक्त द्रावण चोळण्याचा पर्याय मान्य केला आहे. हात दिसायला स्वच्छ आणि कोरडे असतील तर ते चालते, पाणी वाचते आणि मिनिटेही वाचतात. वाचवता येणारी मिनिटे म्हणतात ती ही.

हवेचेही असेच. शस्त्रक्रियागृहातील हवा तासाला किमान 20 वेळा बदलावी असे आपल्याकडील मानके सांगतात. या वेगाने खोलीतले 99 टक्के तरंगते कण बाहेर जायला 14 मिनिटे लागतात आणि 99.9 टक्के जायला 21. भिंतीवर नुसता स्प्लिट एसी असेल तर तो खोलीतली तीच हवा गार करून परत सोडतो, बदलत काही नाही. अशा खोलीत दार सतत उघडत राहिले की बाहेरच्या बोळातली धूळ आत येते. ‘कधी घेता’ विचारायला दार ढकलणारा माणूस आपल्याच पेशंटच्या जखमेकडे धूळ पाठवत असतो.

त्र्याऐंशी

ही मिनिटे कोणी कापली तर काय होते?

विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयांना कुटुंबनियोजनाची शिबिरे नवी नाहीत. शेतातली कामे उरकली, थंडी पडली की बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेसाठी बायका मोठ्या संख्येने येत. त्यासाठी लागणारा लॅप्रोस्कोप म्हणजे नाजूक, भिंगाची दुर्बीण. ती दोन पेशंटच्या मध्ये 2 टक्के ग्लुटराल्डिहाइडच्या द्रावणात 20 मिनिटे बुडवून ठेवायची आणि मग निर्जंतुक पाण्याने धुवायची, असा नियम आहे. म्हणूनच केंद्र सरकारच्या मानकांनी एका चमूला दिवसाला जास्तीत जास्त 30 शस्त्रक्रियांची मर्यादा घातली आणि त्यासाठी तीन लॅप्रोस्कोप, म्हणजे एका दुर्बिणीमागे दहा, असे प्रमाण ठरवले. हा आकडा सर्जनच्या हाताच्या वेगावरून काढलेला नाही. दुर्बिणीला द्रावणात किती वेळ बसावे लागते आणि पेशंटवर किती वेळ लक्ष ठेवावे लागते याचाही तो हिशेब आहे.

8 नोव्हेंबर 2014 रोजी छत्तीसगडमधल्या बिलासपूर जिल्ह्यात एका सर्जनने काही तासांत 83 बायकांच्या नसबंदी शस्त्रक्रिया केल्या. त्या दिवसांतल्या शिबिरांनंतर 13 जणी दगावल्या. कारण जंतुसंसर्ग की भेसळयुक्त गोळ्या, यावर पुढे वाद झाला. पण गणिताला वादाची गरज नाही. एकच लॅप्रोस्कोप असता आणि नियमाप्रमाणे प्रत्येक वेळी 20 मिनिटे भिजवला असता, तर 83 वेळांना 1,660 मिनिटे लागली असती, म्हणजे साडेसत्तावीस तासांहून जास्त. तीन दुर्बिणी असत्या तरी नऊ तास. काही तासांत 83 होतात याचा अर्थ मधली मिनिटे दिलीच गेली नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 14 सप्टेंबर 2016 रोजी देविका बिस्वास यांच्या याचिकेवर निकाल देताना अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा मार्ग आखून दिला. त्याऐवजी कायमस्वरूपी केंद्रांत, ठरलेल्या दिवशी, थोड्या थोड्या शस्त्रक्रिया करण्यावर भर आला.

मदुराईचा हिशेब

मग मोठ्या संख्येने आणि तरीही सुरक्षित शस्त्रक्रिया होतच नाहीत का? होतात. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी 1976 मध्ये मदुराईला 11 खाटांचे डोळ्यांचे रुग्णालय काढले. अरविंद नेत्र रुग्णालय ते हेच. तिथे मोतीबिंदूचा सर्जन दोन टेबलांच्या मध्ये बसतो. एका टेबलावर शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्या टेबलावर पुढच्या पेशंटची तयारी पूर्ण होते. पहिली संपली की सर्जन वळतो आणि सूक्ष्मदर्शक फिरवून दुसऱ्या टेबलावर आणतो. हत्यारांचे संच पुरेसे, ती धुणारी आणि मांडणारी मुली-बायांची प्रशिक्षित फळी वेगळी. तिथला एक सर्जन वर्षाला सुमारे 2,000 शस्त्रक्रिया करतो.

अरविंदने निर्जंतुकीकरणाचा वेळ खोडला नाही. त्यांनी तो सर्जनच्या वाट पाहण्यापासून वेगळा काढला. हत्यार आपला पूर्ण वेळ घेते, पण तोवर दुसरे हत्यार तयार असते. पेशंट टेबलावर आपला पूर्ण वेळ घेतो, पण तोवर दुसरे टेबल चालू असते. बिलासपूर आणि मदुराई यांच्यात फरक वेगाचा नाही; एकीकडे वेळ खोडला गेला आणि दुसरीकडे तो समांतर लावला गेला.

हे सगळ्या शस्त्रक्रियांना जसेच्या तसे लागू होत नाही. मोतीबिंदू ही ठरावीक वेळेची, डोळ्यापुरती भूल देऊन होणारी शस्त्रक्रिया. जिल्हा रुग्णालयाच्या फळ्यावर सिझरशेजारी हर्निया असतो आणि हर्नियाशेजारी केव्हाही येऊ शकणारा अपघात. तरीही त्यातला गाभा घेता येतो: सर्जनला थांबावे लागू नये म्हणून वस्तू जास्त ठेवा, वस्तूंना लवकर मोकळे करू नका.

घाटावर आणि घाटाखाली

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग लोक बोलता बोलता करतात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हे घाटावरचे. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखालचे. 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 25 लाख 86 हजार. बुलढाण्याहून मलकापूरकडे उतरायला राजूर घाट, खामगावकडे जायला ज्ञानगंगा अभयारण्यातला बोथ्याचा रस्ता. या दोन भागांमध्ये सर्वांत जास्त फिरणारा डॉक्टर म्हणजे भूलतज्ज्ञ.

लहान रुग्णालयांत पूर्णवेळ भूलतज्ज्ञ मिळणे महाराष्ट्रात सगळीकडेच अवघड. मग ‘कॉल’वर बोलावावे लागते. सर्जन हजर, सिस्टर हजर, संच उघडायला तयार, पेशंट आदल्या रात्रीपासून उपाशी आणि भूल देणारे डॉक्टर अजून दुसऱ्या गावच्या रुग्णालयात टेबलापाशी उभे. ही उणीव ओळखून केंद्र सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना प्रसूतीच्या तातडीच्या शस्त्रक्रियांपुरते भूल देण्याचे 18 आठवड्यांचे प्रशिक्षण सुरू केले. भूलतज्ज्ञांच्या संघटनांना ते पुरेसे वाटले नाही, पण ग्रामीण भागात कित्येक सिझर त्या बळावर झाले.

भूलतज्ज्ञ एकच असेल तर दोन शस्त्रक्रियांमधला वेळ त्याच्या वेळेवर ठरतो. आधीचा पेशंट स्थिर होईपर्यंत त्याने तिथून हलू नये हा नियम आहे आणि पुढच्याला तपासायलाही तोच हवा. इथे फरशी पुसण्याचा वेग वाढवून काही मिळत नाही.

शिवाय तातडीची केस फळा विचारून येत नाही. 26 जानेवारी 2014 पासून महाराष्ट्रात 108 क्रमांकाची रुग्णवाहिका धावू लागली. गावातून अडलेली बाई घेऊन ती घाट चढून येते तेव्हा ठरलेल्या लिस्टमधला हर्निया मागे सरकतो. बाळाचा जीव धोक्यात असेल तर निर्णयापासून अर्ध्या तासात बाळ बाहेर यावे असा सर्वमान्य दंडक आहे. हा दंडक पाळायचा तर टेबल आणि संच दोन्ही तयार लागतात. एकच टेबल असलेल्या रुग्णालयाने ते दिवसभर मिनिटामिनिटाने भरून टाकले तर अशा बाईला जागा उरत नाही. रिकामे टेबल कागदावर तोटा दिसते, पण प्रसूतीच्या रुग्णालयात ती राखीव ताकद असते. डिसेंबर 2017 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमाने प्रसूतिगृहाबरोबर प्रसूतीच्या शस्त्रक्रियागृहाचीही मानके ठरवली, त्यामागे हीच जाणीव आहे.

उटीचे गावंडे

येळगावहून निघालेली पैनगंगा पुढे यवतमाळ जिल्ह्यात उमरखेड तालुक्याच्या कडेने वाहते. त्या तालुक्यातल्या उटी गावचे आत्माराम गावंडे शिकून डॉक्टर झाले आणि अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अथेन्स गावात मूत्ररोगतज्ज्ञ म्हणून स्थायिक झाले. आईच्या नावाने उमरखेडला त्यांनी महाविद्यालय उभे केले. त्यांचे चिरंजीव अतुल गावंडे बोस्टनमध्ये सर्जन आणि लेखक झाले. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रिया सुरक्षित कशा होतील यासाठी गट नेमला तेव्हा त्याचे नेतृत्व त्यांच्याकडे आले.

त्यांनी सुचवलेला उपाय म्हणजे 19 कलमांची एक यादी. तीन वेळा थांबायचे: भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि पेशंट खोलीबाहेर जाण्याआधी. पेशंट हाच ना? बाजू हीच ना, उजवी की डावी? प्रतिजैविक दिले का? रक्त लागले तर आहे का? हत्यारे आणि गॉझ मोजले का? खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे हेही एक कलम. नवी दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत ही यादी तपासली गेली. जानेवारी 2009 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: मृत्यूचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आणि गंभीर गुंतागुंत 11 टक्क्यांवरून 7 वर आली. कोणतेही नवे यंत्र नाही, औषध नाही. दोन-तीन मिनिटे थांबून बोलणे एवढेच.

आपल्या रुग्णालयांत ही यादी पुष्कळदा शस्त्रक्रिया संपल्यावर एकदमच खुणा करून भरली जाते. खुणा सगळ्या, थांबणे एकही नाही. अशी भरलेली यादी वेळ वाचवते, पेशंटला मात्र नाही.

कागद आणि चहा

टेबल पुसले जात असताना सर्जन बहुधा लिहीत असतो. शस्त्रक्रियेची टिपणे, पुढच्या चोवीस तासांची औषधे, नोंदवहीतली ओळ. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेतला पेशंट असेल तर मंजुरीची कागदपत्रे आणि फोटो आरोग्यमित्रामार्फत संगणकावर चढवावे लागतात. ही योजना 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढल्या वर्षी राज्यभर पोचली. तिने गरिबाच्या शस्त्रक्रियेचा खर्च उचलला आणि त्याबरोबर डॉक्टरच्या टेबलावर कागदही आणले. गुंगीच्या वेदनाशामक औषधांचा हिशेब वेगळा: रिकामी कुपीसुद्धा नोंदीशी जुळवून ठेवावी लागते. यातले बरेचसे लिखाण डॉक्टरने किंवा सिस्टरनेच करावे असे नाही. एक चांगला कारकून शस्त्रक्रियागृहाला जेवढा वेळ मिळवून देतो तेवढा एखादे महागडे यंत्रही देत नाही.

आणि मग चहा. शस्त्रक्रियागृहाच्या बाहेरच्या खोलीत, हिरवे कपडे आणि आतल्या चपला घालून, उभ्याने घेतलेला अर्धा कप. नशीब असेल त्या दिवशी सोबत शेगावची कचोरी. स्क्रब सिस्टर दोन-दोन तास एका जागी उभी असते, हात कोपरापासून वर, नाक खाजवले तर पुन्हा हात धुवायचे. तिने पाच मिनिटे बसणे हा कामचुकारपणा नाही. थकलेला माणूस मोजायला चुकतो आणि मॉपची मोजणी तिच्याच हातात असते. या पाच मिनिटांत आणखी एक काम बिनबोभाट उरकते: ‘मघाशी तो आर्टरीचा चिमटा नीट लागत नव्हता, संचातून काढून टाका’, ‘पुढच्या बाईचे हिमोग्लोबिन कमी आहे, रक्ताची पिशवी मागवून ठेवा’. बैठकीच्या इतिवृत्तात न येणारे निर्णय इथे होतात.

160 मिनिटांचा जमाखर्च

आता सुरुवातीच्या पाच केसेसकडे पाहू. गेलेली 160 मिनिटे अशी मांडता येतात: पहिली केस नऊऐवजी नऊ चाळीसला सुरू झाली ती 40 मिनिटे आणि पाच केसेसमधल्या चार मोकळ्या जागा प्रत्येकी 30 मिनिटांच्या, म्हणजे 120.

प्रशासनाची नजर पहिल्यांदा त्या 120 वर जाते. प्रत्येक वेळी पाच मिनिटे वाचवा असे फर्मान निघते. सगळ्यांनी धावपळ केली तर चार वेळा पाच म्हणजे 20 मिनिटे वाचतील. त्यात एकही सिझर बसत नाही. आयोवा विद्यापीठातील फ्रँकलिन डेक्स्टर यांनी शस्त्रक्रियागृहांच्या वेळेचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे. मधला वेळ थोडा कमी करून दिवसात एखादी जास्तीची केस बसवणे क्वचितच साधते हे त्यांच्या मांडणीतून वारंवार पुढे आले. उलट पहिली केस वेळेवर सुरू झाली तर एका फटक्यात 40 मिनिटे मिळतात आणि त्यासाठी कोणालाही फरशी घाईने पुसावी लागत नाही. उशीर का झाला हे शोधले तर कारणे साधी निघतात: रक्ताचा अहवाल आला नव्हता, संमतीपत्रावर सही नव्हती, पेशंटने पहाटे चहा-बिस्किट खाल्ले होते, भूलतज्ज्ञाला वेळ कळवली नव्हती. यातले प्रत्येक काम आदल्या संध्याकाळी होऊ शकते.

लिस्टचा क्रमही फुकटात वेळ देतो. मधुमेही आणि लहान मुले आधी, कारण त्यांना उपाशी ठेवणे धोक्याचे. पू झालेल्या केसेस शेवटी, कारण त्यानंतर खोलीची सफाई जास्त काटेकोर करावी लागते. गळू फळ्यावर शेवटी लिहिले जाते ते याचसाठी. ते सकाळी पहिले घेतले तर बाकी चौघांना त्याची किंमत मोजावी लागेल.

बुलढाण्याला 2024 मध्ये 100 जागांच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला परवानगी मिळाली. तिथून बाहेर पडणारे डॉक्टर सुरी धरायला शिकतीलच. त्यांनी ऑटोक्लेव्हचा एक पूर्ण फेरा उभे राहून पाहावा, मावशीबरोबर एकदा टेबल पुसावे आणि भूलतज्ज्ञाच्या आठवड्याचा प्रवास एका कागदावर मांडून पाहावा. जिल्ह्याच्या नियोजनात पैसे कुठे घालायचे हेही त्यातूनच कळेल: हत्यारांचे जास्तीचे संच, शुद्ध पाण्याची सोय, दुसरा भूलतज्ज्ञ आणि एक कारकून. या चार गोष्टी नव्या इमारतीपेक्षा स्वस्त आहेत आणि शस्त्रक्रियांची संख्या त्यांनीच वाढते.

वाचकाने आपल्यापुरत्या तीन गोष्टी कराव्यात. पेशंटला शस्त्रक्रियेआधी घन अन्न सहा तास आणि साधे पाणी दोन तास बंद असते. वेळ पुढे गेली तर ‘आता पाणी देऊ का’ हे सिस्टरला विचारावे, मनाने देऊ नये आणि मनाने रात्रभर तहानलेलेही ठेवू नये. संमतीपत्र आणि तपासण्यांचे अहवाल आदल्या दिवशीच पूर्ण करावेत. आणि दार बंद असेल तेव्हा ते ढकलू नये.